जाणतीं वस्त्रें

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट आहे. शनिवारीं गणवेषाची सूट असल्यामुळें आमच्या आठवीच्या वर्गांतील एक विद्यार्थी जांभळा सदरा घालून शाळेंत आला. सदरा त्याच्या मामांनीं परदेशांतून आणला होता. सोबत्यानें पाठीवर हाताचा पंजा क्षणभर दाबून धरावा आणि उचलावा, तों त्या जागीं पांचही बोटांसह गुलाबी पंजा उमटलेला दिसे, व पाहतां पाहतां तो मावळून पुन्हां जांभळा रंग येई. त्या दिवशीं गणिताचा तास कसा पार पडला असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. मधल्या सुटीपर्यंत त्या बिचाऱ्याच्या पाठीवर निदान चाळीस पंजे उमटले असतील. त्यांत एक आमचाही होता, हें कबूल करण्यास हरकत नाहीं.

पंधरा दिवसांनीं तोच मुलगा हिरमुसला होऊन आमच्याकडे आला. सदरा त्यानें कागदांत गुंडाळून आणला होता. त्याच्या आईनें नेहमींच्या कपड्यांप्रमाणें तो कढत पाण्यांत भिजत घातला, साबण लावून ब्रशानें घासला, व वाळल्यावर वरून कडक इस्त्री फिरविली. तेव्हांपासून सदरा कायमचा मळकट गुलाबी होऊन बसला. हात लावा, बर्फ लावा, कांहीं होईना. मुलगा आईशीं दोन दिवस बोलला नव्हता. “सर, हा दुरुस्त होईल का?” असें त्यानें विचारलें. दुरुस्तीचा उपाय आमच्यापाशीं नव्हता. परंतु यांत आईचा खरोखर कांहीं अपराध होता काय, हा प्रश्न मात्र आम्हांस सोडीना. आणि त्याच्या मागें लागून आम्हीं जें वाचलें, व वर्गांत मुलांसह जें करून पाहिलें, तें येथें विद्यार्थी व पालक या दोघांसाठींही लिहीत आहों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. रंग पालटणारें लुगडें आपल्याकडे नवें नाहीं. आजीच्या पेटींत धूपछांव पैठणी असेल तर ती उलगडून पाहावी. एका बाजूनें हिरवी दिसते, जरा हलविली कीं जांभळी. विणकर तिचा ताणा एका रंगाचा व बाणा दुसऱ्या रंगाचा घेतो. पाहणाऱ्याची नजर ज्या कोनांतून पडेल त्याप्रमाणें एक धागा अधिक दिसतो, दुसरा कमी. हें कौशल्य मोठें आहे. परंतु येथें बदलते ती आपली दृष्टि, कापड नव्हे. गारठा पडला काय, ऊन तापलें काय, पैठणीच्या रंगास त्याची वार्ताही नसते.

आम्ही ज्यांस जाणतीं वस्त्रें म्हणत आहों, व हल्लीं ज्यांस स्मार्ट कापड असें नांव पडलें आहे, त्यांची कसोटी निराळी. अंगावरील वस्त्राच्या भोंवतीं कांहीं बदल झाला, ऊब वाढली, घाम आला, पाऊस पडला, आणि त्यामुळें वस्त्र स्वतः बदललें, व तें कारण सरतांच पुन्हां पूर्वस्थितीस आलें, तरच तें जाणतें. यांतील शेवटचा भाग विसरतां कामा नये. उन्हानें विटणारें कापडही बदलतेंच. पण तें परत येत नाहीं. त्या मुलाचा सदरा पंधरा दिवस जाणता होता व सोळाव्या दिवशीं साधा झाला, तो याच अर्थानें.

अशीं वस्त्रें दोन वाटांनीं निर्माण करतात. एक, धाग्याचा किंवा त्यावरील लेपाचा स्वभावच असा निवडावयाचा कीं त्यानें आपण होऊन काम करावें. दुसरी, कापडांत यंत्र व विजेच्या तारा बसवावयाच्या. वेषभूषेच्या प्रदर्शनांचीं जीं छायाचित्रें वर्तमानपत्रांत येतात तीं बहुधा दुसऱ्या जातीचीं. आम्हांस पहिली जात अधिक मोलाची वाटते. कां, तें पुढें कळेल.

आतां त्या सदऱ्याकडे येऊं. हिंवाळ्यांत खोबरेल तेल बाटलींत थिजतें व बाटली उन्हांत ठेवतांच पातळ होतें, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. हा फरक २४-२५ अंश सेल्सिअसच्या आसपास घडतो. सदऱ्याची सारी जादू या बाटलींत आहे असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. त्याच्या रंगांत तीन पदार्थ असतात. पहिलें एक रंगद्रव्य; हें एकटें असतां बिनरंगी असतें, परंतु आम्लाचा संयोग झाला कीं निळें होतें. दुसरें तें सौम्य आम्ल. तिसरा एक मेणचट पदार्थ. तो खोबरेल तेलासारखाच ठराविक उष्णतेस वितळतो, आणि तो कोणता घ्यावयाचा यावर सदरा किती अंशांवर पालटेल तें ठरतें. गारव्यांत मेण थिजलेलें असतां रंगद्रव्य व आम्ल एकमेकांस चिकटून बसतात, म्हणून निळा रंग दिसतो. हाताची ऊब लागून मेण वितळलें कीं आम्ल रंगद्रव्याची संगत सोडून त्या पातळ मेणांत मिसळतें, आणि निळा रंग नाहींसा होतो. सदरा मुळांत साध्या पक्क्या गुलाबी रंगानें रंगविलेला असतो. निळा गेला कीं खालचा गुलाबी उघडा पडतो, निळा परतला कीं दोन्ही मिळून जांभळा.

हे तीन पदार्थ नुसते कापडावर फांसले तर एकमेकांपासून केव्हांच दूर होतील. म्हणून ते अतिसूक्ष्म कुप्यांत बंद करतात. कुपी इतकी लहान कीं एका मिलिमीटरच्या लांबींत शंभर-दीडशें मावाव्या. आणि येथेंच त्या मातेचा खटला निकालांत निघतो. कढत पाणी, ब्रश व इस्त्री यांनीं कुप्यांच्या भिंती फुटतात, व आंतले तिघे एकदां पांगले कीं पुन्हां भेटत नाहींत. आईनें सदरा घरोघर धुतात तसाच धुतला. चूक असेल तर ती सदरा करतांना ज्यानें धुण्याचा विचार केला नाहीं त्याची.

हा अनुभव आमच्या शाळेपुरता नाहीं. अमेरिकेंतील सिॲटल शहरच्या जेनेरा नांवाच्या कंपनीनें १९९१ सालीं ‘हायपरकलर’ या नांवानें असेच सदरे बाजारांत आणले. रंग जपानच्या मात्सुई कंपनीचा होता. त्या वर्षीं फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत पांच कोटी डॉलरांचा माल खपला; तरुणांची झुंबड उडाली. पुढच्याच वर्षीं, १९९२ त, त्या कंपनीचें दिवाळें वाजलें. मागणीच्या मानानें कारभार आवरला नाहीं हें एक कारण सांगतात. नवलाई ओसरली हें दुसरें. परंतु ऊन पाण्याच्या चार धुण्यांत सदरा आपली विद्या विसरे, हेंही लोकांच्या ध्यानांत आल्यावांचून राहिलें नाहीं. शिवाय काखेंत व पाठीवर, जेथें ऊब अधिक, तेथें रंग आपोआप पालटून घामाघूम झालेला मनुष्य चारचौघांत उघडा पडे, ही अडचण होतीच.

मेण वितळतांना उष्णता पिऊन घेतें व थिजतांना ती परत देतें, हा गुण मात्र दुसऱ्या कामीं चांगला लागला. १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या नासा या अंतराळसंस्थेनें अंतराळवीरांच्या हातमोज्यांसाठीं त्यावर संशोधन करविलें, आणि आज थंडीच्या कपड्यांत व अंथरुणांत तशा मेणाच्या कुप्या घातलेल्या आढळतात. त्यांत रंग पालटत नसल्यामुळें त्यांचा गाजावाजा कमी.

आतां ज्या कापडानें आमचें मन सर्वांत अधिक वेधलें त्याची हकीकत. त्यांत कुप्या नाहींत, तारा नाहींत. तें निव्वळ कापूस आहे.

ज्या पालकांनीं जुन्या काळीं मोटारीचा वा आगगाडीचा लांबचा उन्हाळी प्रवास केला असेल, त्यांना छागल आठवेल. जाड कॅनव्हासची ती पाण्याची पिशवी गाडीच्या बाहेर लटकत असे. नवी छागल प्रथम भरली म्हणजे ठिबके. थोड्या वेळानें ठिबकणें बंद होई, नुसती बाहेरची बाजू ओलसर राही व आंतील पाणी गार होई. ठिबकणें कोणीं थांबविलें? धाग्यानेंच. कापसाचा किंवा जवसाच्या खोडाचा तंतु पाणी पिऊन रुंदींत फुगतो. लांबींत तो फारसा वाढत नाहीं. धागे जाड होतात, शेजारच्या धाग्यांस भिडतात, आणि विणींतील छिद्रें बुजतात. वाळतांच तंतु पुन्हां बारीक होतो व छिद्रें उघडतात. आमच्या कसोटीस ही छागल पुरेपूर उतरते. कापसाचा आणखी एक गुण असा कीं तो भिजल्यानें दुबळा होत नाहीं. उलट ओला तंतु कोरड्यापेक्षां अधिक बळकट असतो. धोब्याच्या दगडावर आपटलेलें धोतर वर्षानुवर्षें टिकतें त्याचें एक रहस्य हें आहे.

इंग्लंडांत आग विझविण्याचे पाण्याचे नळ याच तत्त्वावर जवसाच्या तंतूचे विणीत. दुसरें महायुद्ध पेटलें आणि जवसाची टंचाई पडण्याची भीति उत्पन्न झाली. तेव्हां तेंच काम कापसाकडून कसें करून घ्यावें याचा शोध मँचेस्टरजवळील शर्ली इन्स्टिट्यूट या संस्थेंत सुरू झाला. ही संस्था ब्रिटिश कापूस उद्योगाच्या संशोधनासाठीं १९२० सालीं डिड्सबरी येथें स्थापन झाली होती. (शर्ली हें कोणा शास्त्रज्ञाचें नांव असावें असा आमचा तर्क होता, परंतु संस्थेच्या इमारतीसाठीं ज्या गृहस्थांनीं मोठी रक्कम दिली त्यांच्या मुलीचें तें नांव आहे.) नळाच्या शोधांतून कापड निघालें, आणि कापडाला लवकरच आगीपेक्षां निराळें काम मिळालें.

१९४१ पासून ब्रिटनच्या कांहीं व्यापारी जहाजांवर विमान फेंकण्याची एक योजना बसविली होती; तिला मोठी गोफणच म्हणावें. शत्रूचें विमान दिसलें कीं हरिकेन जातीचें लढाऊ विमान एका वैमानिकासह जहाजावरून उडवून देत. परंतु त्याला पुन्हां जहाजावर उतरण्यास जागाच नव्हती. लढाई संपली, आणि जवळ किनारा नसला, कीं वैमानिकानें आपलें विमान समुद्रांत सोडावयाचें, आपणही समुद्रांतच पडावयाचें, व कोणी वेळेवर उचलील अशी आशा धरावयाची. उत्तर ध्रुवाकडील समुद्राचें पाणी गोठण्याच्या बेतांत असतें. साध्या कपड्यांतील मनुष्य त्यांत कांहीं मिनिटांत गारठून हतबल होतो. बरें, रबरी पोषाख द्यावा, तर तो पाणी आंत येऊं देत नाहीं तसाच घामही बाहेर जाऊं देत नाहीं. हुकमाची वाट पाहत तासन्‌तास सज्ज बसलेला वैमानिक त्यांत आपल्याच घामानें भिजून जाणार. आणि ओला मनुष्य कोरड्यापेक्षां लवकर गारठतो. तेव्हां हवें होतें तें असें कापड, कीं जें कोरडें असतां श्वास घेईल आणि पाण्यांत पडतांच आपलें दार आपण लावून घेईल.

शर्ली इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनीं लांब धाग्याचा उंची कापूस घेतला, त्याचें दुहेरी सूत केलें, व तें इतकें दाट विणलें कीं कोरडें असतांना वाफ बाहेर पडण्यापुरतीं छिद्रें राहावींत, आणि भिजून धागे फुगतांच तीं मिटावींत. या कापडास व्हेंटाइल असें नांव आहे. १९४३ च्या सुमारास त्याचे पोषाख वैमानिकांस मिळूं लागले. ज्याला बर्फाळ पाण्यांत हातावर मोजण्याइतकीं मिनिटें लाभत, त्याला आतां वीस मिनिटें व अधिकही तग धरतां येऊं लागलें. वीस मिनिटें हीं थोडीं वाटतील. शाळेच्या एका तासाहून तीं कमीच. पण होडी जहाजावरून खालीं सोडून वल्हवीत पोहोंचण्यास तेवढा अवधि लागतो, आणि तो ज्याला मिळाला तो घरीं गेला.

हें कापड निर्दोष आहे असें नव्हे. भिजल्यावर तें ताठ व जड होतें, आणि वाळावयास वेळ लावतें. पाणी पृष्ठभागावरून निथळून जावें म्हणून त्यावर एक लेपही देतात. तो धुण्यानें उतरतो व पुन्हां द्यावा लागतो. परंतु फुगण्याचा गुण तंतूचा जन्मजात असल्यामुळें तो धुण्यानें जात नाहीं. आजही डोंगर चढणाऱ्यांचे व पावसाळी कोट त्या कापडाचे शिवले जातात. आम्हीं जी पहिली जात अधिक मोलाची मानिली ती एवढ्यासाठीं. कुपी फुटूं शकते. कापसाला फुटावयास कांहीं नाहीं.

कापूस दार लावतो. मग घाम आला असतां दार उघडणारें कापड करतां येईल काय? येथें शास्त्रज्ञांनीं वनस्पतींकडे पाहिलें, आणि आपल्यालाही फार दूर जावयास नको. माळरानावरून फिरून आल्यावर पायमोज्यांत घुसलेलीं कुसळें ज्यानें काढलीं नाहींत असा मुलगा विरळा. कुसळी गवताचें एक वाळलेलें कुसळ घ्यावें. टोंकदार बीं मेणाच्या गोळ्यांत उभें रोवावें, आणि त्याच्या पिळलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थोड्याच वेळांत पीळ उलगडूं लागतो व वरचें वांकडें टोंक घड्याळाच्या कांट्यासारखें फिरतें. वाळूं लागलें कीं तें उलट फिरतें. आमच्या वर्गांत या कुसळांच्या शर्यती लागल्या होत्या. कुसळांत दोन प्रकारचे थर असतात; पाणी पिऊन ते सारखे फुगत नाहींत, म्हणून सारें कुसळ वळतें. या वळण्यानें बीं जमिनींत शिरतें. आपल्या पायमोज्यांत शिरतें तेंही असेंच. मेलेल्या, वाळलेल्या काडीला हें काम करण्यास ना जीव लागतो ना वीज.

थंड प्रदेशांतील पाइन वृक्षाचें शंकूसारखें फळ याच युक्तीनें कोरड्या हवेंत आपले खवले उघडतें व दमट हवेंत मिटतें. त्याच्या खवल्यांतील दोन थरांचें कार्य इंग्लंडांतील संशोधकांनीं १९९७ सालीं विशद केलें, आणि तेथूनच कापड विणणाऱ्यांस एक कल्पना मिळाली. लंडनच्या वस्त्रसंशोधिका व्हेरोनिका कॅप्साली यांनीं असा धागा सिद्ध केला कीं तो दमट झाला असतां फुगण्याऐवजीं अंग चोरून घेतो, त्यामुळें विणींतील छिद्रें मोठीं होतात व वारा आंत येतो. कापसाच्या नेमकें उलट! अमेरिकेंतील एम.आय.टी. या संस्थेच्या संशोधकांनीं २०१५ सालीं याहून विलक्षण प्रकार केला. जपानांत सोयाबीन आंबवून नात्तो नांवाचा पदार्थ करतात. तो आंबविणाऱ्या सूक्ष्म जंतूंच्या पेशी दमट हवेंत फुगतात व कोरड्या हवेंत आक्रसतात. त्या जंतूंच्या बारीक रेघा त्यांनीं पातळ कापडावर छापल्या, आणि पाठीवर माशाच्या खवल्यांसारख्या झडपा कापल्या. धांवणाऱ्यास घाम फुटला कीं झडपा उचलल्या जातात. अंग सुकलें कीं मिटतात. मेरिलंड विद्यापीठांतील शास्त्रज्ञांनीं २०१९ सालीं सूक्ष्म कार्बन नळ्यांचा लेप दिलेला असा धागा प्रसिद्ध केला, कीं जो अंग तापून घाम आला असतां शरीराची उष्णता अधिक बाहेर सोडतो व गारठ्यांत ती अडवून धरतो. हे प्रयोग वाचतांना मन थक्क होतें. तथापि प्रयोगशाळेंतला सदरा आणि दोरीवर वाळत घातलेला सदरा यांच्यामध्यें परटाचा दगड उभा आहे, हें आतां आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको.

धातूच्या व विजेच्या वस्त्रांविषयीं थोडक्यांत सांगतों. निकेल व टायटॅनियम यांच्या एका मिश्रधातूची तार ठराविक उष्णता लागतांच तिला पूर्वीं दिलेला आकार पुन्हां धारण करते. इटलींतील कॉर्पो नोव्हे या कंपनीनें २००१ सालीं अशा तारा विणलेला एक सदरा दाखविला. खोली तापली कीं त्याच्या बाह्या आपोआप वर चढत, व चुरगळून बोळा केला तरी केंस वाळविण्याच्या यंत्राची ऊन हवा सोडतांच तो सरळ होई. इस्त्रीचा कंटाळा करणाऱ्यांस ही वार्ता गोड लागेल, परंतु असे सदरे घरोघर झाले नाहींत. सायप्रस बेटांत जन्मलेले व लंडनमध्यें काम करणारे वेषरचनाकार हुसेन चलायन यांनीं २००७ च्या वसंत ऋतूसाठीं केलेल्या झग्यांत लहान मोटारी व तारा दडविल्या होत्या. व्यासपीठावर उभ्या असलेल्या स्त्रीच्या अंगावरच झगा एका काळच्या फॅशनमधून दुसऱ्या काळच्या फॅशनमध्यें जाई, आणि कडा वर सरकत, गळा उघडे, टोपी आक्रसे. तें नाटक म्हणून अप्रतिम होतें. तो झगा नेसून कोणी बाजारांत जावें अशी त्यांची अपेक्षाच नव्हती, म्हणून त्यास धुण्याचा प्रश्न विचारणें अन्यायाचें होईल.

पण जें वस्त्र दुकानांत विकावयास येतें त्यास तो विचारलाच पाहिजे. गूगल व लिव्हाय या दोन कंपन्यांनीं मिळून २०१७ सालीं ३५० डॉलर किंमतीचें एक जाकीट विकावयास काढलें. त्याच्या डाव्या मनगटावरील पट्टींत वीजवाहक धागे विणलेले असत. तेथें बोट फिरविलें कीं खिशांतील फोनवर गाणें सुरू होई, किंवा वाटेची माहिती ऐकूं येई. सायकलवरून जाणाऱ्यास हें सोयीचें खरें. परंतु तें सुमारें दहा धुणीं सोसेल असें सांगण्यांत येई. आणि पुढें निराळेंच झालें: हें काम चालविणारी फोनवरील योजना गूगलनें २०२३ सालीं बंद केली. ज्यांनीं जाकीट कधींच धुतलें नव्हतें त्यांचेंही मनगट त्या दिवसापासून मुकें झालें. वस्त्र फाटलें नाहीं, विटलें नाहीं, आणि तरी त्याचें जाणतेपण दूर कोठेंतरी बसलेल्या माणसांनीं काढून घेतलें, असा प्रकार वस्त्रांच्या इतिहासांत पूर्वीं घडलेला आम्हांस ठाऊक नाहीं.

विजेच्या वस्त्रांस सरसकट नांवें ठेवावीं असा मात्र आमचा हेतु नाहीं. जॉर्जिया टेक या अमेरिकन संस्थेंत, मद्रास विद्यापीठांत शिकलेले सुंदरेसन जयरामन यांनीं १९९६ पासून नौदलाच्या साहाय्यानें एक सदरा सिद्ध केला. त्यांत प्रकाश वाहणारे तंतु विणले होते. गोळी आरपार गेली तर तंतु तुटून प्रकाश खंडित होई व जखम कोठें झाली तें कळे. हृदयाचे ठोकेही त्यांतून मोजतां येत. पुढें झोंपेंत श्वास थांबण्याचें भय असलेल्या तान्ह्या बालकांसाठीं असा सदरा उपयोगीं पडावा हा विचार त्यांनीं मांडला. तेथें दहा धुणीं टिकलें तरी आम्ही तक्रार करणार नाहीं. यंत्र ज्याच्यासाठीं आहे त्याची निकड आणि गाणें बदलण्याची निकड एका मापानें मोजतां येत नाहीं.

हा धडा वर्गांत चालूं असतां एका मुलानें विचारलें कीं आपल्या गांवांत असें एकही वस्त्र नाहीं काय. उत्तर आम्हीं देण्याऐवजीं दुसऱ्याच एका मुलानें दिलें. त्याचे आजोबा मेंढ्या राखतात. दुसऱ्या दिवशीं तो त्यांची काळी घोंगडी घेऊन आला. आम्हीं ती व्हरांड्यांत दोघांस चार कोपऱ्यांनीं धरावयास लावली, व वरून एक तांब्या पाणी हलकेंच ओतलें. बहुतेक पाणी मणी मणी होऊन घरंगळलें; खालीं धरलेला कागद बराच वेळ कोरडा राहिला. लोंकरीच्या तंतूवर बाहेरून खवले असतात व ते पाणी झटकतात. परंतु त्याचें अंतरंग हवेंतील बाष्प पिऊन घेतें, इतकें कीं लोंकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत बाष्प घेऊनही हातास ओली लागत नाहीं. आणि तें पितांना ती थोडी उष्णता बाहेर टाकते. आषाढाच्या झडींत घोंगडीची खोळ डोक्यावरून घेऊन माळावर उभा असलेला मेंढपाळ आपणांस दुरून दिसतो, तेव्हां त्याच्या खांद्यावर हें सारें चाललेलें असतें. ताण्याला दिलेली चिंचोक्याची खळ घोंगडीस ताठपणा आणते. ही खळ आजोबांच्या घरीं कशी शिजवीत तें त्या मुलानें सविस्तर सांगितलें, व त्या दिवसापुरता तो आमचा गुरु झाला. घोंगडी त्याच्या आजोबांच्या लग्नाआधींची आहे.

जांभळ्या सदऱ्याच्या मुलाचें व आईचें तिसऱ्याच दिवशीं जमलें होतें, हें सांगावयाचें राहिलें. दिवाळींत मामांनीं दुसरा सदरा पाठविला. त्याच्या गळ्यांत शिवलेली बारीक चिठ्ठी तीन भाषांत होती, त्यांत मराठी नव्हती. मुलानें ती आमच्याजवळ बसून मराठींत उतरविली आणि न्हाणीघराच्या भिंतीला लावली: थंड पाण्यांत हातानें धुवावा, ब्रश लावूं नये, सावलींत वाळवावा, इस्त्री करूं नये. पालकांच्या सभेस आली असतां त्याच्या आईनें आम्हांस विचारलें, “हें सगळें मी करीन, पण किती धुण्यांपर्यंत टिकेल तें त्या चिठ्ठींत कोठें लिहिलें आहे का?” मुलगा शेजारींच होता, त्यानें अंगांतल्या सदऱ्याची कॉलर उलटून चिठ्ठी आमच्यापुढें धरली. आम्हीं ती दोन्ही बाजूंनीं वाचली. लिहिलेलें नव्हतें.